गोरखचिंचेखाली

आषाढातली रात्र होती. पाऊस नुकताच उघडला होता आणि मी गॅलरीत उभी होते. खाली कुंपणालगतच्या गोरखचिंचेशी कोणीतरी उभं होतं. उंच, निश्चल, एक हात खोडावर टेकलेला, मान वर. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड त्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे नुसती आकृतीच दिसत होती. साडेअकरा वाजून गेले असतील. मी आत आले, इंटरकॉम उचलला आणि वॉचमनला म्हटलं, "झाडाखाली कोण आहे, बघा हो जरा."

परत गॅलरीत आले तेव्हा बॅटरीचा झोत गेटपासून हलत हलत झाडाकडे निघाला होता. तो त्या माणसाच्या चेहऱ्यावर जाऊन थांबला. त्याने खोडावरचा हात काढला, दुसराही हात वर केला आणि दोन्ही तळवे उघडून उजेडात धरले. त्याला कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं. पुष्कळदा करावं लागलेलं काम हात आपसूक करतात, तसं ते झालं. त्या उजेडात मी त्याला ओळखलं. माझाच भाडेकरू होता तो. गेले सहा आठवडे माझ्या खालच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहणारा, जिन्यात भेटला की बाजूला सरकून 'गुड मॉर्निंग, आंटी' म्हणणारा, सुदानहून पुण्यात शिकायला आलेला मुलगा.

ही २०२२ सालची गोष्ट. अंधार होता म्हणून ओळखता आलं नाही, असं मी कित्येक दिवस मनाला सांगत राहिले. पण पलीकडच्या विंगमधले एक आजोबा झोप येत नाही म्हणून रात्री याच झाडाखाली येऊन उभे राहायचे. त्यांना मी नुसत्या उभं राहण्याच्या ढबीवरून ओळखत असे, आणि त्यांच्यासाठी मी कधी इंटरकॉम उचलला नव्हता. त्या रात्री अंधार मला एरवीपेक्षा जास्त दाट वाटला होता. तो दाटपणा बाहेरचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जिन्यात भेटला. बाजूला सरकला. 'गुड मॉर्निंग, आंटी' म्हणाला. मीही 'गुड मॉर्निंग' म्हटलं.

गोरखचिंच आमच्या सोसायटीच्या आधीपासूनची. इथे पूर्वी बंगला होता. तो पाडून इमारत उभी राहिली तेव्हा कोपऱ्यात होतं म्हणून हे झाड वाचलं. राखाडी, हत्तीच्या कातडीसारखं सुरकुतलेलं खोड, चार माणसांनी हात धरले तरी कवेत न येणारं. त्या खोडाच्या मानाने वरच्या फांद्या अगदीच आखूड. चैत्रात सगळी झाडं पालवतात तेव्हा ही उघडीबोडकी असते. गुढीपाडव्याला नव्याने राहायला आलेलं कुणी हमखास विचारतं, हे झाड मेलंय का? पावसाच्या तोंडावर तिला सावरीच्या पानांसारखी पाच बोटांची पानं फुटतात. आणि मग एखाद्या संध्याकाळी, लांब देठाला उलटं टांगलेलं पांढरं फूल उघडतं. ते रात्रीपुरतंच असतं. वटवाघळं त्याच्याकडे येतात. सकाळी ते तपकिरी होऊन मातीवर पडलेलं असतं आणि झाडणारी बाई ते केरात लोटते. तो मुलगा त्या रात्री ते फूल बघत होता, हे मला पुढे त्याच्याच तोंडून कळलं. "आमच्याकडे याला तबल्दी म्हणतात," तो म्हणाला. "इथे तबल्दी असेल असं मला वाटलं नव्हतं. हात लावून बघितलं, तीच आहे का ते."

तो एल ओबैदचा. सुदानमधल्या कुर्दुफान प्रांतातलं हे शहर. त्या भागात पाणी दुर्मिळ. पावसाळ्यात तबल्दीच्या पोखरलेल्या खोडात पाणी भरून ठेवायचं आणि उन्हाळ्यात ते पुरवून वापरायचं, अशी तिथली जुनी रीत. त्याच्या आजोबांच्या गावात प्रत्येक झाडाला मालक होता आणि झाडाला नावही होतं. हे सांगताना तो खोडाकडे बघत होता, आपण विहिरीकडे बघतो तसा. एकोणीस वर्षं मी त्या झाडाला खिडकीतून बघत आले होते. त्याच्या पोटात पाणी राहू शकतं, हे मला ठाऊक नव्हतं.

ही गोरखचिंच मुळात आपल्याकडची नाही. अरब दर्यावर्दी, हबशी शिपाई, पोर्तुगीज यांच्या येण्याजाण्यातून ती आफ्रिकेहून इकडे आली आणि वसईच्या किनाऱ्यापासून दख्खनपर्यंत रुजली. गोरखनाथांनी तिच्या सावलीत बसून शिष्यांना उपदेश केला, अशी समजूत तिला चिकटली, आणि ती आपली झाली. झाडाला आपलं म्हणायला आपल्याला फार वेळ लागलेला दिसत नाही.

एजंटचा फोन आला होता तेव्हा त्याचा आवाज मध्येच खाली आला होता. "बाई, मुलगा चांगला आहे, पण आफ्रिकन आहे. चालेल का?" आधी चार ठिकाणी नाही म्हटलं होतं. मी चालेल म्हटलं. त्याचा मला थोडा अभिमानही वाटला. भाडं मात्र दोन हजारांनी जास्त सांगितलं, आणि एजंटने ते इतक्या सहज मान्य केलं की तसा रिवाजच असावा. ते दोन हजार कशाचे, हे मी मनातसुद्धा धड उच्चारलं नाही. 'थोडी जोखीम असते' असं काहीतरी पुटपुटून तो विचार मिटवून टाकला. अकरा महिन्यांचा करार झाला.

मी चौतीस वर्षं शाळेत इतिहास-भूगोल शिकवला. फळ्यावर आफ्रिकेचा नकाशा काढला की 'काळं खंड' हे शब्द माझ्या तोंडून येत, जसे माझ्या बाईंच्या तोंडून आले होते. पण मी जोतीराव फुल्यांबद्दलही शिकवत असे. याच पुण्यात राहून त्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं आणि अमेरिकेत निग्रो गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या लोकांना ते अर्पण केलं, हे सांगताना दर वर्षी माझा आवाज भरून येत असे. समुद्रापलीकडच्या, कधी न पाहिलेल्या माणसांसाठी आवाज भरून येणं सोपं होतं. जिन्यातून चढणारा माणूस मात्र मला अवघड गेला.

'हबशी' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो इतिहासात नव्हे, न्हाणीघरात. पाच भावंडांत मीच काळी. आजी दर रविवारी डाळीचं पीठ, दुधाची साय आणि हळद कालवून माझ्या अंगाला खसाखसा चोळायची आणि म्हणायची, "ही हबशीण आमच्या घरात कुठून आली?" ती माझ्यावर जीव लावणारी बाई होती. चोळताना तिच्या डोळ्यांत काळजी असे, आणि म्हणून तो शब्द माझ्या अंगात रागासारखा न जाता औषधासारखा गेला. पुढे लग्नाच्या बाजारात माझ्या पत्रिकेबरोबरच्या कागदावर वडिलांनी 'निमगोरी' लिहिलं. बघायला आलेले लोक कागदावर एक नजर टाकून मग माझ्याकडे बघत. त्या कांदेपोह्यांच्या बशा मी अजून विसरलेले नाही. एवढं सोसलेल्या माणसाला दुसऱ्याचं दुःख कळायला हवं, असं आपण धरून चालतो. माझ्या बाबतीत तसं झालं नाही. जे मला लागलं होतं, ते मी जपून ठेवलं आणि वेळ आली तेव्हा माझ्यापेक्षा काळ्या माणसाकडे सरकवलं.

दर वर्षी आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात. त्या वर्षी, दोन वर्षांच्या खंडानंतर, वारी पुन्हा पायी निघाली होती. तो मुलगा गर्दीच्या कडेला उभा राहून आला आणि त्याने मला विचारलं, "तुमचा देव काळा आहे?" माझ्या देव्हाऱ्यातली विठोबाची मूर्ती त्याने पाहिली होती. मी 'हो' म्हटलं. मग थोडं थांबून म्हटलं, "सावळा." आणि तो शब्द जिभेवर असतानाच मला जाणवलं की देवासाठी ठेवलेली ही माया मी माणसासाठी कधी वापरलेली नाही. माझ्या स्वतःसाठीसुद्धा नाही.

'हबशी' शब्द ज्या देशावरून आला, तिथल्याच एका मुलाला लहानपणी गुलाम म्हणून विकलं गेलं. बाजारामागून बाजार ओलांडत तो दख्खनला आला आणि निजामशाहीचा वजीर मलिक अंबर झाला. त्याने मुघलांना वर्षानुवर्षं थोपवून धरलं. खडकी वसवली, जी पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाली, आणि तिथे जमिनीखालून नहर काढून पाणी खेळवलं. १६२४ साली भातवडीला शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. १६२६ साली तो गेला. खुलताबादला त्याची कबर आहे. मी मुलींची सहल घेऊन तिथे गेले होते, चबुतऱ्यावर बसून आम्ही डबे खाल्ले होते. या माणसाचं मूळ आणि आजीच्या तोंडचा शब्द एकच आहेत, हे तिथे बसूनही माझ्या मनात आलं नव्हतं. ज्ञान एका खोलीत ठेवलेलं होतं आणि जगणं दुसऱ्या. मधलं दार कधी उघडलं नाही.

ते दार थोडं थोडं उघडलं ते स्वयंपाकघराकडून. मार्गशीर्षात मी डिंकाचे लाडू केले आणि दोन त्याला नेऊन दिले. त्याने लाडू फोडला, डिंकाचा तळून फुललेला दाणा बोटावर घेतला आणि हसला. एल ओबैद ही डिंकाची मोठी बाजारपेठ आहे. त्याचे वडील त्याच व्यापारात. हशाब नावाच्या बाभळीच्या जातीच्या झाडाला चिरा द्यायच्या, काही आठवड्यांनी गोळा झालेले खडे खुडायचे, मग पोती लिलावाला. "आमच्याकडे याचे लाडू करत नाहीत," तो म्हणाला, "करायला पाहिजेत." पौषात मी त्याला भाकरी थापताना दाखवली. तो बराच वेळ पिठाकडे बघत राहिला. त्यांच्याकडेही ज्वारी. तिला ते दुरा म्हणतात, पीठ आंबवून पातळ पसरतात आणि किसरा करतात. आई कशी एका हाताने पीठ पसरते ते त्याने ओट्यावर हात फिरवून दाखवलं.

त्या रात्री मी जुनी पुस्तकं काढून बसले. ज्वारी पहिल्यांदा माणसाच्या हाताखाली आली ती पूर्व सुदानच्या परिसरात, पाच हजार वर्षांपूर्वी. बाजरी आली सहाराच्या दक्षिण काठावरून. नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातून. चवळी तिकडची. चिंचसुद्धा तिकडचीच, आणि अरबांनी तिला 'हिंदचा खजूर' म्हटल्यामुळे जगाला ती इथली वाटते. सोलापूरची ज्वारी, नाशिक-धुळ्याची बाजरी, कोकणातली नाचणी, हे मी मुलींकडून पाठ करून घेतलं होतं. ही सगळी धान्यं कुठून चालत आली, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. आजी ज्या हातांनी मला चोळायची त्याच हातांनी भाकरी थापायची. तिच्या परातीतलं पीठ कुठल्या मातीतून निघालेलं होतं, हे तिला कुणी सांगितलं असतं तर तिला वाईट वाटलं नसतं, नवल वाटलं असतं. ती नवल करणारी बाई होती. तिला सांगणारं कुणी भेटलं नाही, आणि मला सगळं वाचायला मिळूनही मी सांगितलं नाही.

फाल्गुन सरता सरता गोरखचिंचेची फळं गळायला लागतात. मखमली सालीची, दुधीच्या आकाराची. आमच्याकडे मुलं त्यांना लाथा मारत खेळतात. २०२३ च्या मार्चमध्ये पाडव्यानंतर दोनच दिवसांनी रमजान सुरू झाला. तो रोज पहाटे झाडाखाली फळं शोधायचा. ती फोडून आतला पांढरा कोरडा गर पाण्यात भिजवायचा, गाळायचा, साखर घालायचा. संध्याकाळी रोजा सोडण्याच्या वेळी एक पेला वर माझ्याकडे यायचा. आंबटसर, दाटसर सरबत. पहिला घोट घेतला तेव्हा मला वाटलं, माझ्या खिडकीबाहेर हे एकोणीस वर्षं गळत होतं. याच दिवसांत तो मला आंटीऐवजी 'खाल्तो' म्हणू लागला. त्यांच्या बोलीत खाल्तो म्हणजे मावशी.

१५ एप्रिलच्या शनिवारी खार्तुममध्ये लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यात लढाई पेटली. त्या दिवशी संध्याकाळी पेला आला नाही. मी खाली गेले तर दार उघडं होतं आणि तो फोन कानाला लावून खोलीच्या मधोमध उभा होता. पलीकडे नुसती रिंग वाजत होती. त्या वर्षी अक्षय्य तृतीया आणि ईद एकाच दिवशी, २२ एप्रिलला आली. मी आमरस आणि पोळ्या घेऊन गेले. त्याने आईशी बोलणं झाल्याचं सांगितलं. तिचा आवाज ऐकला, एवढंच. दोन दिवसांनी टीव्हीवर बातमी आली की भारतीयांना पोर्ट सुदानहून आणायला जहाजं निघाली आहेत. तो माझ्या शेजारी बसून ती बघत होता. आमची माणसं त्याच्या देशातून घरी येत होती, आणि त्याला परत जायला घर उरेल की नाही, हे कुणी सांगू शकत नव्हतं.

त्या रात्री मला खडकवासला आठवलं. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची ती घुमटाची मुख्य इमारत, जिच्या चित्रापुढे उभी राहून मी मुलींना सांगायचे, हा सुदान ब्लॉक. १९४१ साली पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत आपले सैनिक लढले आणि पडले. त्यांत मराठा पलटणीही होत्या. त्यांच्या स्मारकासाठी सुदानने एक लाख पौंड भेट दिले. त्यातला भारताच्या वाट्याला आलेला भाग त्या उभारणीत लागला. पुण्याच्या उशाशी इतकी वर्षं सुदानचं नाव दगडात उभं आहे. आम्ही त्या नावाखाली नोंद केली, प्रश्न विचारला, गुण दिले.

मे महिन्यात सोसायटीची सभा झाली. करार संपत आला होता. 'त्याच्या घरून पैसे येणार नाहीत, आता भाडं कसं देणार', 'मित्र येऊन राहतात', 'वास येतो', 'बायकांना जिन्यात भीती वाटते'. बोलणारे वाईट लोक नव्हते. त्यांच्यातल्याच एकाने करोनात मला रोज दूध आणून दिलं होतं. याआधीच्या दोन सभांमध्ये अशीच कुजबुज झाली होती आणि मी वहीत हिशेब बघत बसले होते. या वेळी उठले. चौतीस वर्षं वर्गासमोर उभी राहिलेली बाई मी, पण पाय कापत होते. जोतीराव, मलिक अंबर, ज्वारी, यातलं काहीच आठवलं नाही. मी एवढंच सांगितलं की गेल्या आषाढात रात्री त्याच्यावर बॅटरी मारायला वॉचमनला मी पाठवलं होतं. त्याने हात वर केले होते. तो फूल बघत होता. आणि भीती वाटते म्हणता ना, तर त्या रात्री भीती वाटलेला माणूस तोच होता.

कुणी काही बोललं नाही. पंखा तेवढा फिरत होता. मग सेक्रेटरी म्हणाले, "हा विषय पुढच्या सभेत घेऊ." पुढच्या सभेत तो विषय निघाला नाही. माणसं बदलली असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतर जिन्यात त्याला बघून एकदोघं थांबू लागले, घरच्यांची विचारपूस करू लागले. ऋतू पालटतो तेव्हा त्याची वेळ कुठे लिहिलेली नसते. एक दिवस सकाळच्या वाऱ्याचा स्पर्श निराळा लागतो, इतकंच.

परीक्षा संपल्यावर तो कैरोला गेला. आई आणि बहिणी तिथवर पोचल्या होत्या. वडील मागे राहिले होते. निघताना मी त्याला अनामत रक्कम परत केली आणि दुसरं एक पाकीट दिलं. अकरा महिन्यांचे जास्तीचे बावीस हजार. तो घेईना. "हे तुझेच आहेत," एवढं मी म्हटलं. कसे तुझे, हे सांगितलं नाही. सभेत तीस माणसांसमोर जे बोलले, ते ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी बोललेच नाही. त्या रात्री वॉचमन स्वतःहून आला होता असंच त्याला वाटत असेल. किंवा त्याने वर गॅलरीकडे बघितलं असेल आणि तेव्हापासून त्याला माहीत असेल. माहीत असून त्याने मला खाल्तो म्हटलं असेल.

पहिला विचार आपल्या हातात नसतो, हे मला आता कळलं आहे. तो आजीच्या वाटीतून, फळ्यावरच्या नकाशातून, एजंटच्या खाली आलेल्या आवाजातून आधीच येऊन बसलेला असतो. अजूनही बँकेच्या रांगेत, रिक्षा स्टँडवर तो येतोच. मी फक्त त्याला येताना ओळखू लागले आहे. इंटरकॉमकडे जाणारा हात मधेच थांबतो. त्या थांबण्यात किती वर्षं गेली, त्याचा हिशेब मांडला तर जीव थोडा होतो.

दर आषाढात त्याचा एक निरोप येतो. तबल्दी फुलली का? मी फोटो पाठवते. या वर्षी फोटो काढायला रात्रीच खाली गेले. फूल अंधारात पांढरं लटकत होतं, वाऱ्यावर जरासं हलत होतं. मी खोडावर हात ठेवला. ओलं होतं. तेवढ्यात मागून बॅटरीचा झोत आला आणि माझ्या चेहऱ्यावर पडला. वॉचमन नवीन आहे. "बाई, तुम्ही होय," तो म्हणाला, आणि झोत लगेच खाली, माझ्या पायांपाशी आला, मला वाट दिसावी म्हणून.

मी वर आले. फोटो पाठवला. मग खाली लिहायला घेतलं, 'त्या रात्री वॉचमनला'. याआधीही दोनदा इथवर येऊन मी ते पुसलं आहे. खिडकीबाहेर फांदीत काहीतरी फडफडलं. वटवाघूळ असावं. मी पुढचा शब्द शोधत बसले आहे. फूल सकाळपर्यंत आहे.